घाटात काच धुरकट झाली तर? जुन्या गाडीचा ब्लोअर, व्हेंट आणि एसी स्वतः कसा तपासायचा

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले "अं", "म्हणजे" आणि मधला कुकरच्या शिट्टीचा आवाज काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००]

आज विषय गाडीचा आहे, पण नव्या गाडीचा नाही. घरी बाबांची दहा-पंधरा वर्षं जुनी हॅचबॅक आहे, किंवा पहिल्या पगारातून तुम्ही सेकंडहँड गाडी घेतलीय, तर हा भाग तुमच्यासाठी आहे. आणि पावसाळ्यात घाट उतरायचा-चढायचा असेल तर नक्कीच आहे.

सुरुवात आमच्याच गाडीपासून करतो.

जुलै महिना. माणगावहून पुण्याला परत येत होतो, ताम्हिणी घाटाने. गाडी बाबा चालवत होते, शेजारी मी, मागे आई आणि आजी. पायाशी ओल्या छत्र्या, डिकीत ओले कपडे. खाली कोकणात उकडत होतं म्हणून एसी चालू होता. निजामपूर मागे पडलं, चढ सुरू झाला आणि बाबांनी सवयीने एसी बंद केला. कारण काय? "एसीवर गाडी घाट ओढत नाही." छोट्या इंजिनाच्या गाडीत हे ऐकलं नाही असं घर महाराष्ट्रात सापडणार नाही.

दोन-तीन मिनिटांत समोरची काच पांढरी. बाबांनी डॅशबोर्डवरचं पिवळं फडकं घेऊन एका हाताने पुसायला सुरुवात केली. पुसलं की पाच सेकंद दिसायचं, परत पांढरं. मी नॉब काचेच्या चिन्हावर फिरवला, पण काचेवर हवाच येईना, सगळी पायाशी. तेवढ्यात वळणावरून एसटी आली. तिचे हेडलाइट त्या धुरकट काचेवर पडले आणि एक-दोन सेकंद अक्षरशः काही दिसलं नाही. मागून आजी म्हणाली, "अरे, तुला समोरचं दिसतंय का?" बाबा काही बोलले नाहीत. जरा पुढे मोकळी जागा मिळाली तिथे त्यांनी गाडी बाजूला घेतली. हात थरथरत होते त्यांचे. तीस वर्षं गाडी चालवणारा माणूस.

नंतर गंमत पुढेच आहे. एका गॅरेजमध्ये सांगितलं, "कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड उतरवावा लागेल." खर्च ऐकून बाबा म्हणाले, गाडीच विकून टाकू. प्रत्यक्षात बिघाड काय होता ते शेवटी सांगतो. पण त्या निमित्ताने मी हा सगळा प्रकार नीट समजून घेतला, आणि एक गोष्ट कळली. काचेवरचं धुकं हा गार-गरमचा प्रश्न नाहीच. तो पाण्याचा प्रश्न आहे. हे एकदा डोक्यात बसलं की बिघाड शोधणं फार सोपं होतं.

[०३:००] धुकं येतं कुठून?

हवेत वाफेच्या रूपात पाणी असतं. गरम हवा जास्त पाणी धरते, गार हवा कमी. आकडे सांगतो. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम पाणी धरू शकते. तीच हवा २० अंशांवर आणली की जेमतेम १७ ग्रॅम. उरलेलं पाणी कुठे जाणार? समोर जी गार वस्तू असेल तिच्यावर बसणार. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तसंच. गाडीत ती गार वस्तू म्हणजे काच, कारण तिच्यावर बाहेरून पाऊस आणि वारा आदळत असतो.

आता गाडीत पाणी टाकतं कोण? आपणच. नुसता बसलेला माणूससुद्धा श्वास आणि त्वचा मिळून तासाला साधारण ४० ते ५० मिली पाणी हवेत सोडतो. चार माणसं म्हणजे तासाला जवळपास एक ग्लास पाणी. लहान गाडीच्या आत हवा असते सुमारे अडीच-तीन घनमीटर. त्यात ओल्या छत्र्या, ओले बूट, भिजलेली मॅट. मग काच पांढरी होणार नाही तर काय?

आता यावर गाडीकडे तीन उपाय असतात. एक, आतली दमट हवा बाहेर काढणं. दोन, हवेतलं पाणी काढून ती कोरडी करणं. हे काम एसी करतो. तीन, काच गरम करणं. हे काम हीटर करतो.

एसीबद्दल एक किस्सा सांगतो. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनियरने आधुनिक एअर कंडिशनिंगचा आराखडा बनवला, तो माणसांना गार वाटावं म्हणून नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये एक छापखाना होता. दमट हवेने कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगीत छपाई हलायची. त्यासाठी हवेतला ओलावा आटोक्यात ठेवायचा होता. म्हणजे एसी जन्मालाच आला तो हवा कोरडी करायला. गाडीतही तेच होतं. गार झालेल्या कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि नळीतून गाडीखाली ठिबकतं. पार्क केलेल्या गाडीखाली पाणी दिसतं ना, ते तेच.

[०५:३०] मग आमच्या गाडीत झालं काय?

आता बघा, आमचं काय चुकलं. बाबांनी एसी बंद केला तेव्हा कूलिंग कॉइल ओली होती. कॉम्प्रेसर थांबला, कॉइल तापायला लागली, आणि तिच्यावरचं पाणी परत वाफ होऊन गाडीत आलं. वर हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू, म्हणजे रिसर्क्युलेशन. बाहेरची हवा बंद. म्हणजे आम्ही काचेला व्यवस्थित वाफारा दिला!

म्हणून आधी तातडीचा उपाय. गाडी चालवताना काच धुरकट व्हायला लागली तर:

पहिलं, वेग कमी करा आणि काहीच दिसत नसेल तर इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी थांबा. वळणावर नाही.
दुसरं, रिसर्क्युलेशन बंद, बाहेरची हवा चालू.
तिसरं, हवा काचेवर, ब्लोअर जोरात.
चौथं, एसी चालू. आणि गार वाटत असेल तर तापमानाचा नॉब लाल बाजूला सरकवा.

"एसी आणि हीटर एकदम? असं कसं?" असं बाबांनीही विचारलं होतं. असंच. गाडीत हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते, तिथे तिचं पाणी निघतं. मग ती हीटरमधून जाते, तिथे ती गरम होते. कोरडी आणि गरम हवा काचेवर पडली की धुकं लवकर उडतं.

आणि यातलं काहीच चालत नसेल तर दोन्ही बाजूच्या काचा दोन-तीन बोटं उघडा. पाऊस आत येईल, येऊ दे. भिजलेला शर्ट वाळतो.

घाटात एसीमुळे गाडी खरंच ओढत नसेल, तर खालचा गिअर टाका. एखाद्या खड्या चढापुरता एसी बंद केलात तर त्याच क्षणी बाहेरची हवा चालू करा.

[०७:३०] पहिली तपासणी: धुकं आतलं की बाहेरचं?

आता बिघाड शोधू. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. टिश्यू पेपर, जुना पेपर आणि मोबाईलचा टॉर्च, बस. गाडी मोकळ्या जागेत लावा, हँडब्रेक ओढा. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो आणि त्याला वासही नसतो.

सगळ्यात आधी काचेला आतून बोट लावा. रेघ उमटली तर धुकं आतलं. नाही उमटली आणि वायपर फिरवल्यावर काच साफ झाली, तर धुकं बाहेरचं. मुंबईत, कोकणात, गोव्यात हे होतं. आत एसी एकदम गार, हवा काचेवर, त्यामुळे काच गार पडते आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बसते. अशा वेळी एसी वाढवलात तर धुकंही वाढणार! इथे उलटं करायचं. तापमान थोडं वाढवा, हवा काचेवरून काढून तोंडाकडे घ्या, वायपर मारा. हा बिघाड नाही. यासाठी गॅरेजला पैसे देऊ नका.

अजून एक. काच आतून शेवटची कधी धुतली होती? प्लॅस्टिकची वाफ, धूळ, अगरबत्तीचा किंवा सिगारेटचा धूर यांचा पातळ थर आतून बसतो. मळक्या काचेवर धुकं लवकर धरतं आणि रात्री समोरच्या लाइटने जास्त चमकतं. स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने आतून काच पुसा. डॅशबोर्डचं तेच तेलकट पिवळं फडकं नको.

[०९:१५] दुसरी तपासणी: हवा येते का?

ब्लोअर एक, दोन, तीन, चार असा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी लक्ष द्या.

एक-दोन-तीनवर काहीच नाही, फक्त चारवर चालतो? मग मोटर बहुतेक ठीक आहे. जुन्या गाड्यांत कमी वेगासाठी वीज एका रेझिस्टरमधून जाते आणि सगळ्यात वरच्या वेगाला थेट मोटरला जाते. तो रेझिस्टर जळला की खालचे वेग जातात. गॅरेजमध्ये याला "रजिस्टर" किंवा "रेझिस्टन्स" म्हणतात. तो बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे-खाली असतो, ब्लोअरच्या हवेच्या वाटेवर, म्हणजे ती हवाच त्याला गार ठेवते. बदलणं सोपं असतं. पण एक बघा, त्याचा प्लग वितळलाय का? वितळला असेल तर नुसता नवा रेझिस्टर टाकून तो परत जळू शकतो. मोटर जड फिरतेय आणि जास्त करंट ओढतेय का, तेही तपासून घ्या.

कुठल्याच वेगावर चालत नाही? आधी फ्यूज बघा. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. जास्त अँपिअरचा कधीच नाही. "मोठा टाकला की उडणार नाही" हे खरं आहे, फ्यूज उडणार नाही, त्याऐवजी वायर पेटेल. फ्यूज चांगला असेल तर ब्लोअर चालू ठेवून मोटरच्या डब्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करा. तेवढ्याने फिरायला लागला तर मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. आज चालेल, उद्या घाटात थांबेल.

आवाज भरपूर, हवा कमी? मग वाट तुंबलीय. केबिन फिल्टर असेल तर काढून बघा, आणि पिंपळाची पानं, धूळ, उंदराने केलेलं घरटं, काहीही सापडायची तयारी ठेवा. बऱ्याच जुन्या स्वस्त मॉडेलमध्ये फिल्टर नसतोच. मग तो सगळा कचरा थेट कूलिंग कॉइलवर जाऊन बसतो.

सुरुवातीला हवा छान, अर्ध्या तासाने कमी होत जाते, एसी दहा मिनिटं बंद केला की परत येते? मग कॉइलवर बर्फ धरतोय. गॅस कमी, सेन्सर खराब किंवा हवेची वाट तुंबलेली, यातलं काहीतरी. हे एसीवाल्याला अगदी याच शब्दांत सांगा, त्याचा निम्मा वेळ वाचेल.

[१२:००] तिसरी तपासणी: हवा योग्य जागी जाते का?

हे लोक तपासतच नाहीत, आणि आमची खरी गडबड इथेच होती.

टिश्यू पेपरची एक पट्टी फाडा. नॉब तोंडावर ठेवा, पट्टी समोरच्या जाळीपाशी धरा. मग पायावर, मग काचेवर. प्रत्येक वेळी पट्टी कुठे फडफडते ते बघा. नॉब एक सांगतोय आणि हवा भलतीकडेच जातेय, असं असेल तर डॅशबोर्डच्या आतली झडप हलत नाहीये.

जुन्या साध्या गाड्यांत ही झडप नॉबला केबलने जोडलेली असते, सायकलच्या ब्रेकसारखी. नॉब एकदम हलका, नुसताच गोल फिरतोय? केबल निसटलीय किंवा तिची क्लिप तुटलीय. नॉब एकदम जड? केबल अडकलीय. जोर लावू नका, प्लॅस्टिकचा खटका तुटला तर काम वाढतं.

जरा वरच्या मॉडेलमध्ये केबलऐवजी छोटी मोटर असते. चावी फिरवली की डॅशबोर्डमधून थोडा वेळ "टक-टक-टक" येत असेल तर त्या मोटरच्या प्लॅस्टिक गिअरचे दात गेलेत असं समजा. आणि जुन्या अमेरिकन किंवा युरोपियन गाड्यांत झडपा इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायच्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांत रबरी नळी फाटली की हवा आपोआप काचेवर जाते. म्हणजे बनवणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं, काहीही बिघडलं तरी चालकाला समोरचं दिसलं पाहिजे. केबलच्या गाडीत अशी सोय नसते, हवा जिथे होती तिथेच अडकते.

रिसर्क्युलेशनचीही तपासणी करा. ब्लोअर जोरात ठेवून बटण किंवा खटका इकडून तिकडे करा. आवाज बदलला पाहिजे. आतली हवा फिरवताना आवाज जरा मोठा येतो. काहीच फरक नाही? मग ती झडप अडकलीय. ती "आत" वर अडकली असेल तर तुमची गाडी पावसाळाभर स्वतःचाच श्वास परत परत घेतेय.

डॅशबोर्डखाली हात घालताना एक लक्षात ठेवा. पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे प्लग बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना हात नाही लावायचा.

[१४:३०] चौथी तपासणी: हवा कोरडी आहे का?

इंजिन चालू, एसी चालू. "टक" असा कॉम्प्रेसरचा आवाज येतो आणि इंजिनाचा सूर किंचित बदलतो. मिनिटभरात हवा गार वाटायला हवी. मग पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून गाडीखाली बघा. पावसाळ्यातल्या दमट हवेत पाणी ठिबकलंच पाहिजे.

हवा गार नाही, पाणीही नाही: कॉइल गार होत नाहीये. गॅस, कॉम्प्रेसर किंवा वायरिंग बघावं लागेल.

हवा गार आहे, पण खाली पाणी नाही: पाण्याची नळी तुंबलीय. मग ते पाणी जातं कुठे? बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या पायाशी, मॅटखाली. वळणावर डॅशबोर्डमधून पाणी डचमळल्याचा आवाज आला तर समजून जा. ही नळी साफ करणं अगदी किरकोळ काम आहे, आणि न केल्यास गाडीचा पत्रा आतून गंजतो.

गॅसबद्दल एक सांगतो. "दरवर्षी गॅस भरावाच लागतो" हे पेट्रोलबद्दल खरं आहे, एसीबद्दल नाही. एसीचा गॅस बंद पाइपांत फिरत असतो, तो संपत नाही. जुन्या गाडीत सीलमधून वर्षानुवर्षं थोडाफार झिरपतो, ते समजू शकतो. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर गळती आहे. आधी गळती शोधायला सांगा, मग गॅस भरा.

[१६:१५] पाचवी तपासणी: हीटर, आणि तो गोड वास

आपल्याकडे हीटर कोण वापरतं? म्हणूनच तो वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. पण महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे तोच लागतो.

हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम कूलंट त्यातून फिरतं. इंजिन तापलं आणि तरी हवा गरम येत नसेल, तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि केबिनच्या भिंतीत जाणारे दोन रबरी पाइप बघा. बोट लावताना सांभाळून, फार तापलेले असतात. दोन्ही गरम असतील तर हीटर ठीक आहे, आतली गार-गरमची झडप हलत नाहीये. एक गरम, एक गार असेल तर हीटर तुंबलाय किंवा त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे. दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी आहे किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. रेडिएटरचं झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, चेहरा भाजतो.

सेकंडहँड गाडी असेल तर एक शक्यता अजून. हीटर गळत होता म्हणून आधीच्या मालकाने तो बायपास केलेला असतो, म्हणजे दोन पाइप बाहेरच्या बाहेर जोडून टाकलेले असतात. मग नॉब कितीही फिरवा.

आणि आता नीट ऐका. काचेवर धुकं येतंय, पुसल्यावर हाताला तेलकट-चिकट लागतंय, गाडीत गोडसर वास येतोय, कूलंट हळूहळू कमी होतंय. हे धुकं पाण्याचं नाही, हीटरमधून गळणाऱ्या कूलंटचं आहे. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी आहे. शिवाय कूलंट संपलं तर इंजिन तापून जाम होईल. ही एकच गोष्ट अशी आहे की "पुढच्या पगाराला बघू" म्हणायचं नाही.

[१८:१५] सहावी तपासणी: पाणी येतंय कुठून?

सगळं ठीक चालतंय, तरी रोज सकाळी काच आतून ओली? मग गाडीत पाणी साठलंय. रात्री चारही मॅटखाली जुना पेपर पसरून ठेवा. सकाळी कुठला पेपर भिजलाय ते बघा.

पुढचा डावा भिजलाय, पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं: एसीची नळी. चिकट आणि गोड वासाचं: हीटर. पावसानंतरच भिजतो: दरवाजाचं रबर, समोरच्या काचेचं रबर किंवा बॉनेट आणि काच यांच्यामधली जाळी. त्या जाळीत पानं साठून पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने आत येतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी जूनच्या आधी ही पानं हाताने काढायची. पाच मिनिटांचं काम, शून्य रुपये.

मागच्या काचेबद्दल थोडक्यात. तिथे हवा नसते, काचेवर तपकिरी रेघा असतात. त्यातून वीज जाते आणि काच तापते. तुमच्या मॉडेलला रेघाच नसतील तर विषय संपला. असतील तर काच धुरकट असताना बटण दाबा आणि बघत राहा. ज्या रेघेजवळ धुकं तसंच राहतं ती रेघ कुठेतरी तुटलीय. सगळंच तसं राहिलं तर फ्यूज, रिले किंवा कडेला निघालेली वायर बघा. तुटलेली रेघ वीजवाहक चंदेरी रंगाने जोडता येते. आणि काचेवरची जुनी फिल्म ब्लेडने खरवडू नका, फिल्मबरोबर रेघाही येतात.

[२०:००] गॅरेजमध्ये काय बोलायचं?

"एसी नीट चालत नाही" असं सांगितलंत की समोरचा अंदाज बांधणार, आणि अंदाजाचे पैसे तुम्ही देणार. त्याऐवजी हे सांगा: "ब्लोअर फक्त चारवर चालतो. नॉब काचेवर ठेवला तरी हवा पायाशी येते. हवा गार आहे. खाली पाणी पडतंय." चार वाक्यं. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण गॅरेजमध्ये गेल्यावर गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. आणि कुठलाही मोठा पार्ट बदलायला सांगितला तर शांतपणे विचारा, "दादा, हाच गेलाय हे कशावरून कळलं?" चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही, तो दाखवतो.

मीच ही चार वाक्यं घेऊन दुसऱ्या एका वायरमनकडे गेलो. म्हातारे काका, छोटी टपरी. त्यांनी ऐकलं, ग्लव्ह बॉक्स उतरवला, टॉर्च मारला आणि म्हणाले, "बाळा, कॉइल एकदम मस्त आहे. हे बघ." झडपेच्या केबलची क्लिप निसटून लोंबत होती, आणि रेझिस्टर जळलेला. ब्लोअर फक्त चारवर चालतो हे आम्हाला सहा महिने माहीत होतं. आवाज फार होतो म्हणून आम्ही तो लावतच नव्हतो. अर्ध्या तासात काम झालं, आणि बिल आलं ते कॉइलच्या खर्चापुढे चहापाण्याइतकं. डॅशबोर्डला हातसुद्धा लागला नाही.

त्या दिवशी संध्याकाळी बाबांना गाडीत बसवलं आणि नॉब काचेवर फिरवला. भस्सकन हवा आली, डॅशबोर्डवरची पावती उडाली. ते काहीच बोलले नाहीत, नुसते दोन-तीनदा नॉब फिरवून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी घाटात..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

ते वाक्य तुमच्या घरी कोणाला बोलायला लागू नये म्हणून हा भाग. पाऊस सुरू व्हायच्या आधी एका रविवारी अर्धा तास काढा. हवा येते का, योग्य जागी जाते का, कोरडी आहे का, आणि पाणी कुठून येतंय. एवढंच विचारायचंय गाडीला.

आणि ते पिवळं फडकं? ते आता फक्त बॉनेट पुसायला.

भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा!